अडीच नंबरचं मशीन

शिकलो चौथी. पाचवीत नाव घातलं होतं, पण त्याच वर्षी बापासंगं मेंढरं घेऊन गोदाकाठी उतरावं लागलं आणि शाळा गेवराईतच राहिली. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी सर्व्हर, स्वॅप असले शब्द वापरणार आहे, आणि वाचणारा म्हणेल, म्हातारा कुणाकडून तरी लिहून घेतोय. तसं नाही. हात माझाच आहे. नातीनं ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं, त्यातलंही निम्मं मी ऐकलं नाही.

मेंढरं सुटली तसा मी मोटारी भरायला शिकलो. विहिरीवरची मोटार जळाली की तिची तांब्याची तार उलगडायची आणि नवीन गुंडाळायची. वीस वर्षं ते केलं. मग नव्वदच्या पुढं बीडमध्ये सगळंच बदलायला लागलं. गल्लोगल्ली एसटीडीच्या पिवळ्या पाट्या, घरांवरनं केबलच्या तारा, आणि जिना दिसला की वर कॉम्प्युटरचा क्लास. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एकाचं झेरॉक्सचं दुकान होतं. नाव सांगत नाही. माणूस गेला, पोरं धंद्यात आहेत. आपण त्याला नुसतं शेट म्हणू. वरच्या मजल्यावर क्लास आणि टायपिंगचं काम सुरू करायला त्यानं मुंबईहून कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेली सहा मशीनं आणली आणि मला तार ओढायला बोलावलं. मी झाकण उघडून पाहिलं तर आत डिस्कच नाही. जिथं असायला पाहिजे तिथं चार भोकं.

"शेट, तुमाला फशिवलं. आतनं पोकळ हायती."

"पोकळच घेतली म्या," शेट म्हणाला. "इंजिनिअर येणार हाय औरंगाबादहून. एकच मोठी डिस्क, सगळ्यांला मिळून. तुमी तार वढा."

तार ओढायला गेलो तो अकरा वर्षं तिथंच राहिलो.

मशीनला डिस्क नाही म्हणजे काय, ते सांगतो. बटण दाबलं की मशीन उठतं, पण आपण कोण हे त्याला ठाऊक नसतं. नाव नाही, गाव नाही. ते तारेवर ओरडतं, मी कोण? मग मागच्या खोलीतलं मोठं मशीन, म्हणजे सर्व्हर, त्याच्या कार्डावरचा नंबर ओळखतं आणि सांगतं, तू दोन नंबर, हे तुझं नाव, ही तुझी हत्यारं. बटण बंद केलं की ते पुन्हा सगळं विसरतं. रोज सकाळी मी दिवा लावायच्या आधी सहाही बटणं दाबायचो, आणि सर्व्हरच्या पडद्यावर ते सहा प्रश्न एकाखाली एक उमटायचे. कोण, कोण, कोण. आवाज काही नसायचा. तरी मला ते ऐकू यायचं.

आता स्वॅप. कापडाच्या दुकानातली गादी डोळ्यांपुढं आणा. गिऱ्हाईक तागे उघडायला लावतंय आणि गादी भरत चाललीय. ती गादी म्हणजे मशीनची मेमरी. भरली की गडी खालचे तागे उचलून मागच्या कोठीत ठेवतो, लागले की परत आणतो. त्या कोठीला स्वॅप म्हणायचं. आमच्या मशीनांना मागची कोठीच नव्हती. त्यांचे तागे तारेवरून सर्व्हरच्या खोलीत जायचे. तिथं प्रत्येक मशीनच्या नावानं एकेक फाईल, म्हणजे एकेकाची कोठी. कोठी बांधायचीही रीत आहे. फाईल आधी शून्यांनी गच्च भरायची, मधे कुठं पोकळी ठेवायची नाही. मग तिच्यावर स्वॅपचा शिक्का मारायचा. आणि ज्याची कोठी त्यालाच तिच्या दाराची परवानगी.

औरंगाबादचा तो इंजिनिअर हुशार होता. तो मला म्हणाला, "आबा, तारेवरून स्वॅप म्हणजे जोखीम आहे. माल हलवायला थोडी जागा लागते, आणि जागा व्हायला माल हलवावा लागतो. गादी अगदीच गच्च झाली तर मशीन जागच्या जागी थिजतं. तेव्हा ते मेलं असं समजू नका."

दोन दिवस राहून, पाच कागद लिहून देऊन तो गेला तो गेला. कागद इंग्रजीत. मला इंग्रजी येत नव्हतं, आजही येत नाही. पण धनगर मेंढरं मोजत नाही, तोंडं ओळखतो. दोनशेतलं एक कमी असलं की कळपाकडं पाहूनच त्याला कळतं. तसे मी ते शब्द ओळखायला लागलो. कुठला शब्द कुणाच्या पाठीमागं चालतो, कुणाच्या गळ्यात टिंब आहे, कुणाच्या पायात आडवी रेघ. दीड महिन्यात पाचही कागद पाठ झाले. क्लासमध्ये शिकवायला पदवीधर पोरं यायची, ती अडली की मला हाक मारायची. याचा मला लई अभिमान होता. तो नडला, ते पुढं येईल.

शेट श्रद्धाळू. मशीनांवर नंबर टाकायची वेळ आली तसा म्हणाला, "आबा, तीन नगं. तीन तिघाडा, काम बिघाडा."

"मंग तिसऱ्याला काय म्हनू?"

"अडीच म्हना."

एक, दोन, अडीच, चार, पाच, सहा. अडीच नंबर वेगळा कुठं बनवायचा, म्हणून मी दोन नंबरचा कागद घेतला, म्हणजे सर्व्हरवरची त्याची फाईल, तिची नक्कल केली, नाव बदललं, कार्डाचा नंबर बदलला. अडीच उठलं, त्यानं विचारलं मी कोण, सर्व्हरनं सांगितलं तू अडीच. झालं. पण त्या मशीनवर बसायला कुणी तयार नव्हतं. कुणी म्हणायचं त्याची खुर्ची हलते, कुणी म्हणायचं पडदा थरथरतो. चार महिने ते नुसतं चालू असायचं.

पहिली गंमत घडली ती चार नंबरवर. तिथं रझिया बसायची, टायपिंगच्या पोरींत सगळ्यांत तेज. एका दुपारी ती टाइप करत असताना मशीन थिजलं. पडदा तसाच, अक्षर हलेना. ती वैतागून जेवायला गेली, सगळ्याच गेल्या. मी तार तपासत गेलो तर भिंतीजवळचा सांधा सैल झालेला. आवळला. मागं वळून पाहतो तर चार नंबरच्या पडद्यावर अक्षरं उमटत होती. खुर्ची रिकामी. खोलीत मी एकटा. एकेक अक्षर, कुणीतरी सावकाश बोट ठेवावं तसं.

ऊठ मुडद्या ऊठ.

मी मेंढरांमागं लांडगे पाहिलेत, मसणवटीत झोपलोय. पण त्या दुपारी मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. रझिया डबा धुऊन आली, मी बोट दाखवलं. तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आबा, वो मैंच लिखी थी. बंद पड्या ना, तो गुस्से में ठोकी." मशीन थिजलेलं असतानाही तिची बोटं त्यानं लक्षात ठेवली होती, आणि तार जुळल्याबरोबर अर्ध्या तासापूर्वीची शिवी भरून दिली. उलगडा झाला, तरी ते दृश्य डोळ्यांपुढून गेलं नाही. शेटनं नारळ फोडला तो वेगळाच.

मग सूचीचं काम आलं. लिंगायत समाजाच्या एका मंडळाला जिल्ह्यातल्या घरांची सूची छापायची होती. गावोगाव फिरून फॉर्म भरून आणलेले. घरात कोण, वय काय, धंदा काय, मूळ गाव कुठलं. सोयरीक जुळवायला असली सूची लई कामाची. त्यांच्यात माणूस गेला की कैलासवासी म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात, आणि नावाआधी नुसतं 'लिं.' लिहितात. काम मोठं, मुदत थोडी, सहाही मशीनं लागणार. अडीचवर कोण बसणार, विचारल्यावर रझिया म्हणाली, "हमको क्या आबा, तीन हो या तेरा." ती गेवराई तालुक्याचा गठ्ठा घेऊन अडीचवर बसली. शेजारी दोन नंबरवर बीड तालुका घेऊन सुमन.

सुमनचं सांगायला पाहिजे. तिशीतली बाई, बारावी झालेली, कपाळाला विभूती आणि त्याखाली ठसठशीत कुंकू. तिचा नवरा काशिनाथ चार वर्षांपूर्वी लातूरला जाऊन येतो म्हणून सकाळच्या एसटीत बसला आणि आलाच नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही. ती सासरीच राहायची, थोरला दीर नागनाथ याच्या घरात. बीडच्या गठ्ठ्यात तिच्या सासरचा फॉर्म होता, नागनाथानं स्वतः भरलेला. त्यात लिहिलं होतं, लिं. काशिनाथ वैजनाथ. खाली पत्नी सुमन.

ती तो फॉर्म रोज गठ्ठ्याच्या तळाशी घालायची. एक दिवस नागनाथच जिना चढून आला.

"सुमन, आपलं पान झालं का?"

"न्हाई भावजी."

"कावून? एक अक्षर अन् एक टिंब. त्याला इतके दिस लागत्यात व्हय?"

ती पदर सावरून उभी राहिली. "मेल्याचं कुणी बगितलंय?"

"जित्ता असल्याचं तरी कुणी बगितलंय?" नागनाथ आवाज खाली आणून म्हणाला. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. "माज्या पोरीला दोन जागा मोडल्या. पळून गेलेला चुलता आडवा येतो गं. मेलेला येत न्हाई."

तो गेल्यावर सुमननं तळाचा फॉर्म वर काढला. बायको म्हणून राहायचं की विधवा व्हायचं, हे तिनं स्वतःच्या बोटांनी टाइप करायचं होतं, आणि ते साऱ्या जिल्ह्यात वाचलं जाणार होतं. मी माझ्या स्टुलावरून पाहत होतो. तिनं ते टाइप केलं.

त्यानंतर तासाभरानं तिनं मला हाक मारली. अगदी हळू.

"आबा, हिकडं या. हे मी लिवलं न्हाई."

पडद्यावर बीड तालुक्याची यादी होती. तिच्या मधोमध, एका नावाच्या अर्ध्यातूनच, दुसरंच काही सुरू होत होतं. अनोळखी घरं, अनोळखी माणसं, पडदे खाली सरकवत गेलं तरी तेच. आणि त्यात एक ओळ: काशिनाथ वैजनाथ, वय छत्तीस, धंदा सायकल दुकान. पुढं 'लिं.' नाही. त्याच्या घरातल्या माणसांची ओळ सुरू होते न होते तोच मजकूर तुटला होता आणि पुन्हा बीडची घरं सुरू झाली होती. वर गावाचं नाव नाही, खाली बायकापोरं नाहीत. मधूनच फाडलेल्या कागदासारखं.

"वय बरुबर हाय," सुमन म्हणाली. "सायकली दुरुस्त करायचा नाद व्हता त्यांला."

रझिया उठून आली, तिनंही वाचलं. मी सुमनला म्हणालो, छापून घेऊ. तिनं बटण दाबलं आणि मशीन थिजलं. बंद करून चालू करावं लागलं. फाईल उघडली तर त्यात फक्त बीडची घरं. आम्हा तिघांखेरीज ते कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रझिया किंचाळली. अडीचवर, गेवराईच्या यादीत, मधोमध: लिं. काशिनाथ वैजनाथ. पत्नी सुमन. "मैं नै लिखी आबा, अल्ला की कसम मैं नै लिखी." मी धावेपर्यंत तेही मशीन थिजलं.

एका पडद्यावर जिवंत, दुसऱ्यावर मेलेला. बातमी गल्लीत पसरली. खालच्या पानवाल्याची आई वर येऊन दोन नंबरपुढं कण्हेरीचं फूल ठेवून गेली. शेट म्हणाला, "बगा, अडीच केलं तरी तीन ते तीनच." सुमन मात्र बदलली. तिनं पान उघडून 'लिं.' खोडलं. घरी जाऊन दिराला म्हणाली, ते जित्ते हायत, मशीननं दाखवलंय. नागनाथानं निरोप धाडला: रविवारी चार माणसं घेऊन येतो, आमालाबी दाखवा.

शनिवारी दुपारी शेटनं सगळ्यांना सुट्टी दिली आणि मी सर्व्हरसमोर बसलो. भूत असो की काही असो, माझ्या तारेवरून येतंय तर मला दिसलंच पाहिजे, हा हट्ट. सहाही मशीनांचे कागद एकाखाली एक उघडले आणि तोंडं बघत गेलो. एक, दोन, चार, पाच, सहा, प्रत्येकाची शेवटची ओळ वेगळी. अडीचची शेवटची ओळ पाहिली आणि पुन्हा दोनच्या ओळीवर गेलो. दोनची आणि अडीचची ओळ एकाच तोंडाची होती. ती ओळ म्हणजे कोठीचा पत्ता. नक्कल करताना नाव बदललं, कार्ड बदललं, कोठी बदलायची राहिली. दोन मशीनं एकाच कोठीत माल टाकत होती, आणि दोघांना वाटत होतं कोठी आपलीच. सुमनचा तागा ठेवलाय तिथंच रझियाचा तागा पडायचा. सुमनचं मशीन आपला तागा आणायला जायचं आणि रझियाचा घेऊन यायचं. एकेक तागा चार हजार अक्षरांचा, म्हणून सुरुवात नाही, शेवट नाही. बहुतेक वेळा मशीन गोंधळून थिजायचं. चार महिने अडीचवर कुणी बसलंच नाही, म्हणून कळलं नव्हतं.

कोठी मोडायच्या आधी मी आत डोकावलो. तसं करू नये, पण केलं. आतली नुसती अक्षरं दाखवणारी एक आज्ञा होती. भर दुपारी, पंख्याखाली बसून मी ते वाचलं. अर्धी अर्धी नावं. घराशिवायची माणसं. मेलेल्यांच्या पाठोपाठ तान्ही पोरं. मशीनं बंद झाली, सगळं विसरली, पण कोठी काहीच विसरली नव्हती. पोरींनी टाइप करून पुसलेलंही तिथं होतं. त्यात एका ठिकाणी, थोडथोड्या अंतरानं, तीच ओळ पुन्हा पुन्हा. लिं. काशिनाथ. काशिनाथ. लिं. काशिनाथ. काशिनाथ. किती वेळा तिनं ते अक्षर घातलं आणि काढलं, ते सगळं तिथं पडून होतं. मला कुणाचं तरी रडणं दाराआडून ऐकल्यासारखं झालं. मी पडदा बंद केला.

अडीचसाठी नवी कोठी बांधली, शून्यांनी भरली, शेवटची ओळ बदलली. जुनी कोठीही शून्यांनी भरून पुन्हा शिक्का मारला. आणि मग डोक्यात आलं: भूत नव्हतं, म्हणजे तो काशिनाथ रझियाच्या गठ्ठ्यातून आला. तिनं शेकडो फॉर्म टाइप केले होते, त्यातलं एक नाव तिला कुठून आठवणार. मी गेवराईचे फॉर्म जमिनीवर पसरले. मराठी वाचायला मला कुणाची गरज नव्हती. सापडला. गोदाकाठचं एक गाव. काशिनाथ वैजनाथ, वय छत्तीस, सायकल दुकान. मूळ गावाच्या रकान्यात सुमनच्या सासरचं गाव. पत्नीच्या रकान्यात दुसरंच नाव. एक मुलगी, दोन वर्षांची. खाली सही सासऱ्याची. जावई दुकानात असताना मंडळाची माणसं आली असणार आणि म्हाताऱ्यानं भोळेपणानं सगळं सांगितलं असणार.

कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. उद्या सुमनला एकटीला गाठून देऊ, असं ठरवलं.

रविवारी ती आली ती नागनाथाच्या आणि चार माणसांच्या बरोबरच. कपाळावर कुंकू नेहमीपेक्षा मोठं. ती दोन नंबरवर बसली, रझिया अडीचवर. टाइप करत राहिल्या, यादी वर-खाली करत राहिल्या. माणसं पाठीशी उभी. एक तास गेला. मशीनं इतकी सुरळीत कधीच चालली नव्हती.

"आता येतंय," सुमन म्हणायची. "थोडं थांबा."

एक जण हसला. दुसरा म्हणाला, "चाला की बे, बाईचं डोस्कं ठिकाणावर न्हाई." रझिया म्हणाली, "मैं बी देखी, सच में देखी," पण तिचं कोण ऐकतो. शेवटी नागनाथ माझ्याकडं वळला.

"आबा, मशीनातलं तुमाला कळतंय. तुमी सांगा. एका मशीनवरचं दुसऱ्यावर जातंय का?"

शेट माझ्याआधी बोलला, "आबाच्या कामात चूक निघाली तर मी दुकान बंद करीन."

सगळे माझ्याकडं बघत होते. खिशात कागद होता. एक शब्द पुरा होता, जातंय. पण तो म्हटला असता तर चौथी पास माणसानं घाण केली हे पाच लोकांसमोर निघालं असतं.

मी म्हणालो, "माज्या कामात असं व्हत न्हाई."

सुमननं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मशीन थिजल्यावर पोरी पडद्याकडं पाहायच्या तसं, आता हलेल, आता हलेल. मग ती उठली आणि त्यांच्या मागं जिना उतरून गेली.

सोमवारी ती येणार नाही असं वाटलं होतं. आली. सगळ्यांच्या आधी आली. मी कागद तिच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. दोनचा कागद, अडीचची नक्कल, एकच कोठी. तिनं फॉर्म वाचला. बोट एकेका रकान्यावरून नेत वाचला.

"पोरीला माज्या सासूचं नाव ठिवलंय," ती म्हणाली.

तिनं कागद टेबलावर ठेवला.

"आबा, काल ह्यो कागद कुठं व्हता?"

"खिशात."

तिनं मान हलवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. रझिया आली तेव्हा सुमननं तो फॉर्म तिच्या हातात दिला. "तुज्या गठ्ठ्यातला हाय. टाइप केलाय तसाच ऱ्हाऊ दे, एक अक्षर बदलू नगंस." मग दोन नंबरवर बसून तिनं सासरचं पान उघडलं, खोडलेलं 'लिं.' पुन्हा घातलं आणि पुढच्या घराकडं गेली. शेटला आणि नागनाथाला मी खरं काय ते कधीच सांगितलं नाही. आज लिहितोय, तेव्हा दोघंही नाहीत.

सूची छापून आली. सुमनच्या कपाळाचं कुंकू गेलं, विभूती राहिली. नागनाथाच्या पोरीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. चुका राहिल्या त्यांचं शुद्धिपत्र काढायचं ठरलं, आणि दुरुस्त्या घ्यायला जिन्याजवळच्या टेबलावर शेटनं सुमनलाच बसवलं.

चैत्रातली दुपार होती. मी स्टुलावर तार सोलत होतो. एक माणूस जिना चढून आला. पांढरा सदरा, हाताला ग्रीसचे डाग, काखेत सूची. टेबलापुढं पुस्तक उघडून त्यानं बीडच्या पानावर बोट ठेवलं आणि खाली मान घालूनच म्हणाला, "हितं चूक हाय. ह्यो माणूस मेलेला न्हाई."

सुमननं वर पाहिलं. मग त्यानं पाहिलं. खोलीतली सगळी मशीनं चालू होती आणि एकही आवाज येत नव्हता, असं मला आठवतं. तसं असणार नाही. पोरी टाइप करतच होत्या.

"नाव?" सुमननं विचारलं.

त्यानं मागं जिन्याकडं पाहिलं. "काशिनाथ वैजनाथ."

"गाव?"

त्यानं गोदाकाठच्या गावाचं नाव सांगितलं. तिनं सूचीचं पान उलटून गेवराई काढलं आणि पुस्तक त्याच्याकडं फिरवलं.

"ह्या पानावर तुमी जित्ते हाव की. बायकू हाय, लेक हाय. काय चुकलं?"

"सासरे इचारायलेत." त्यानं पान परत बीडवर नेलं. "नाव तेच, मूळ गाव तेच. त्या पानावरचा कोण म्हनून इचारायलेत. ते पान काढता आलं तर..."

"ते पान निघत न्हाई," सुमन म्हणाली. तिनं पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं, अगदी सावकाश, दुकानात कुणालाही देतात तसं. "त्यांला सांगा, त्यो येगळा काशिनाथ व्हता. चांगला माणूस व्हता. मेला."

तो उतरून गेला. रझियानं विचारलं, "कौन था गे?" जिन्यात पुढचा माणूस उभा होता, सुमननं त्याला हातानंच या म्हटलं.

शुद्धिपत्र महिन्याभरानं निघालं. मी ते दोनदा वाचलं. बीडच्या त्या पानाला एकही दुरुस्ती नव्हती.